देशी कापसाचं बी घरी धरताय? बीटीची नाही, देवकापसाची काळजी करा

पोळा सरला, पऱ्हाटी पाते-फुलावर आली. यंदा बऱ्याच जणांनी एकर-अर्धा एकर देशी लावलीय, कुणी एकेए-७ वाण, कुणी परभणीचा पीए-२५५, आणि पुढच्या साली घरचंच बी पेरायचं म्हणतायत, कारण देशीचं बी दुकानात वेळेवर मिळणं म्हणजे नशिबाचा भाग. पण बी धरायचं काम वेचणीला सुरू होत नाही, ते आत्ता फुलावर होतं, म्हणून आत्ताच लिहितोय.

सगळ्यात आधी कुणीही हेच विचारतं, धुऱ्यापलीकडं बीटी (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला कापूस) आहे, माझी देशी बाटेल का? नाही बाटत भाऊ. पराग येतो, मधमाशी काही सातबारा बघून बसत नाही, पण देशीत गुणसूत्रं २६ आणि अमेरिकन कापसात (आपली बीटी जवळपास सगळी त्यातलीच) ५२, त्यामुळं जोड जमत नाही, असं बोंड बहुतेक गळून जातं आणि चुकून एखादी सरकी (कापसाचं बी) भरलीच तरी तिचं झाड ३९ गुणसूत्रांचं, खेचरासारखं वांझ. देशीच्या प्लॉटात एखादं झाड भलतंच दणकट, फुलं रग्गड आणि बोंड एकही नाही असं दिसलं तर विचार करत बसू नका, उपटा. गंमत म्हणजे हा अमेरिकन कापूस स्वतःच असल्या संकरातून आलाय. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी आपल्या देशीच्या भाऊबंदातला एक कापूस आणि दक्षिण अमेरिकेतला एक रानकापूस यांची कशी कोण जाणे गाठ पडली, दोघांची गुणसूत्रं एकत्र येऊन दुप्पट झाली, तेव्हा ५२ चं झाड उभं राहिलं. निसर्गात हे असं क्वचित होतं, तुमच्या वावरात एका हंगामात होणार नाही.

मग भीती कुणाची? दुसऱ्या देशीची. देशी-देशी खुशाल जुळतात, सरकी भरते, झाडही चांगलं वाढतं, आणि दोन वर्षांनी धागा कुठं लांब कुठं आखूड निघाला की आपण म्हणतो वाण उतरला. शेजाऱ्याची देशी वेगळ्या वाणाची असली तर ती एक. आणि दुसरा, ज्याच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं, तो परसातला नाहीतर देवळामागचा देवकापूस, वातीसाठी लावलेलं ते वर्षानुवर्षांचं झाड.

देवकापूस म्हणून दोन वेगळी झाडं गावात असतात हे ध्यानात ठेवा. एक देशीच्याच जातीचं बहुवर्षायू झाड, त्याचं बोंड लहान, खाली लोंबतं, तीन कप्प्यांचं, फूल बहुधा पिवळं आणि बुडाशी लाल ठिपका. हे तुमच्या देशीशी सहज जुळतं. दुसरं अमेरिकेकडून आलेलं, त्यातल्या एका प्रकारात तर सरक्या एकमेकींना चिकटून गड्डाच झालेला असतो, हे ५२ वालं, म्हणजे देशीला निर्धोक पण अमेरिकन सरळ वाणाशी (म्हणजे हायब्रीड नसलेल्या, घरी बी धरता येणाऱ्या) जुळणारं. वातीचं झाड तोडा असं मी कुणाच्या आईला सांगणार नाही, बियाण्याच्या ओळी त्याच्यापासून लांब धरा एवढंच.

ज्यांनी अमेरिकन सरळ वाण लावलाय त्यांचं गणित नेमकं उलटं, त्यांना चौफेर बीटी म्हणजे चौफेर धोका, त्यात कुणी चोरबीटी (बिनपरवान्याची, तणनाशक सोसणारी) लावली असेल तर तिचंही जनुक सरकीत येणार. मेक्सिको हे अमेरिकन कापसाचं माहेर, तिथल्या रानकापसात बीटीची जनुकं शिरल्याचं २०११ साली छापून आलं, तर आपल्या बांधावरनं यायला किती वेळ लागतोय. बी पेरण्याआधी थोडी रोपं उगवून पानांची बीटी स्ट्रिप टेस्ट (बीटी आहे का ते दाखवणारी पट्टी) करून घ्या. आणि बीटी हायब्रीडची सरकी तर धरूच नका, पुढच्या पिढीत गुण फुटतात, झाडागणिक वेगळं निघतं, काही झाडं बिनबीटीची निघतात आणि बोंडअळीचं फावतं.

आता काम. कापसाचा पराग जड आणि चिकट, वाऱ्यानं जात नाही, माशीच नेते, म्हणून सगळ्यात जास्त भेसळ कडेच्या ओळींत होते. प्रमाणित बियाण्याला ३० मीटर आणि पायाभूतला (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार होतं) ५० मीटर अंतर धरतात, तेवढं अंतर नसेल तर कडेच्या ओळी विकायला ठेवा आणि बी मधल्या पट्ट्यातनं घ्या. त्याच्याहून खात्रीचं म्हणजे फुलाचं त्याच्याच परागानं फलन करून घेणं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखू येते, पाकळ्यांची गुंडाळी पात्याच्या हिरव्या पानांतनं वर आलेली असते. तिचं टोक दोऱ्यानं बांधा, फूल उघडतच नाही, आतल्या आत फळतं, आणि दोऱ्याचं दुसरं टोक देठाला गुंडाळा म्हणजे फूल गळालं तरी बोंडाला खूण राहते. चाळीस-पन्नास निरोगी झाडांवर रोज थोडी थोडी बांधली तर पुढच्या वर्षीच्या बियाणे-प्लॉटापुरती शुद्ध सरकी होते, पोरं शाळेतनं आल्यावर आवडीनं करतात हे. भेसळीची झाडं मात्र त्याआधी काढा, फुललेली एकदा पराग देऊन बसली की उपटून उपयोग नाही.

वेचणीला खुणेची बोंडं आधी, कोरडी, वेगळ्या पिशवीत. जिनिंगला अजिबात पाठवू नका, फुलावरची सगळी मेहनत तिथं एका मिनिटात दुसऱ्याच्या सरकीत मिसळते, हातानंच सरकी सोडवा. उन्हात वाळवून कापडी पिशवीत भरा आणि वाणाचं नाव, साल लिहिलेली चिठ्ठी एक बाहेर, एक आत टाका, बाहेरची उंदीर खातात.