बोटीचा पंप रडत होता, दोष वायरचा

दादाची शिडाची बोट मुंबईला. तळातलं पाणी उपसणारा तिचा पंप रडतखडत चाले, म्हणून तो बडोद्याला दांडिया बाजारच्या घरी आणून बादलीत चालवून पाहिला. एकदम झकास! म्हणजे दोष वायरिंगचा.

मुंबईत पंप चालू ठेवूनच मीटर लावला: बॅटरीवर १२.५ व्होल्ट, पंपाजवळ जेमतेम १०. (पंप बंद असताना मोजलं तर सगळं ठीकच दिसतं.) वायर सोलली, तर आतलं तांबं हिरवंकाळं. खाऱ्या हवेत घरगुती वायर टाकणाऱ्या मिस्त्रीला काय म्हणावं! कल्हई केलेल्या तांब्याची जाड वायर ओढली, जोड क्रिंप करून (पक्कडीने दाबून घट्ट करून) आतून डिंक असलेल्या हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आकसणाऱ्या, नळीत बंद केले, फ्यूज बॅटरीला लागूनच बसवला. आता पंपाजवळ १२.२ मिळतात.