हाताने लाकडी कामठा बनवताय? या चुका टाळा, आणि तुटलाच तर तुकडे फेकू नका

कामठा, म्हणजे धनुष्य, तुटतो एका क्षणात, पण त्याचं कारण बहुतेक वेळा आठवडाभर नाहीतर महिनाभर आधीच घडून गेलेलं असतं. म्हणून तुटल्यावर चिडून तुकडे चुलीत घालू नका, आधी उजेडात घेऊन नीट बघा, कारण नेमकं काय चुकलं ते त्या तुटलेल्या जागेवर अगदी स्पष्ट दिसतं आणि पुढचा कामठा वाचतो तो त्यामुळेच.

आधी दोन शब्द पक्के करून घेऊ. बाण मारताना समोर, म्हणजे निशाणाकडे असते ती पाठ आणि आपल्याकडे असतं ते पोट. ओढल्यावर पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. मुठीच्या वर एक भुजा, खाली एक. बाकी सगळं यावरच आहे.

सगळ्यात जास्त कामठे कुठे वाया जातात तर लाकूड निवडताना. लोक वखारीत जातात, सागवानाची गुळगुळीत पट्टी बघतात आणि घेऊन येतात. सागवान फर्निचरला उत्तमच, पण पट्टी करवतीने कापलेली असते आणि करवत लाकडाच्या रेषा बघून चालत नाही. पट्टीच्या तोंडावरच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, मध्येच कडेला बाहेर पडत असतील तर तो कामठा तिथेच जाणार, तिरका, लांब चिरा पडून. तुटलेला तुकडा असा तिरका असेल तर तुमच्या हाताला दोष देऊ नका, दोष पट्टी निवडण्यात आहे. शक्यतो लाकूड कुऱ्हाड आणि पाचर घालून फोडून घ्यावं, ते आपल्या रेषेनेच फुटतं. आपल्याकडे धामणीचं लाकूड यासाठी फार चांगलं, चिवट आणि लवचीक, अवजारांचे दांडे आणि बैलगाडीच्या कामाला ते वापरतात ते उगाच नाही.

नाहीतर सरळ बांबू घ्या. मी तर नवीन माणसाला आधी बांबूच सांगतो. मेळघाट, गडचिरोलीकडे मिळतो तो मानवेल भिंतीला जाड, कधीकधी जवळजवळ भरीवच असतो, त्याचा बुंध्याकडचा भाग घ्यायचा. पण कोवळा नको, निदान तीन वर्षांचा हवा, कोवळ्या बांबूत पाणी जास्त आणि वाळताना तो आकसून वेडावाकडा होतो. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात तोडलेला बरा. बांबूतल्या स्टार्चमुळे भुंगा लागतो, म्हणून तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची जुनी पद्धत आहे आणि ती खरंच काम करते. एक सांगून ठेवतो, 2017 च्या कायदादुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू मालकाला विचारून घ्या, जंगलात मात्र परवानगीशिवाय कोयता लावू नका.

बांबूत सगळ्यात मजबूत तंतू बाहेरच्या सालीला लागून असतात, म्हणून ती बाजू पाठीला ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे गाठी दिसायला चांगल्या दिसत नाहीत म्हणून बाहेरून कानशीने घासून सपाट करणं. गाठीवर तंतू थोडे उचलून पुढे जातात, तुम्ही सपाट केलंत की ते कापले जातात आणि नेमकी तिथेच पाठीवर कुसळं उभी राहतात. कामठा गाठीवर पाठीकडून फुटला असेल तर दुसरं कारण शोधत बसू नका. लाकडातही हेच, पाठीवर वर्षाचं एकच कडं टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. 1545 मध्ये बुडालेलं आणि 1982 ला वर काढलेलं इंग्लंडचं मेरी रोझ जहाज, त्यात यू झाडाचे शंभराच्या वर धनुष्यं मिळाली, त्यांची पाठ बाहेरच्या पांढुरक्या लाकडाची आणि पोट आतल्या गडद गाभ्याचं आहे. ताण सोसणारं बाहेर, दाब सोसणारं आत, तत्त्व तेच.

आता ओलावा. कोकणात पावसाळ्यात कामठा बनवायला घेतला आणि तो दोरी काढल्यावरही वाकलेलाच राहिला तर नवल नाही, ओलं लाकूड दाबलं जातं ते परत येत नाही. उलट विदर्भात मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली पट्टी इतकी कोरडी होते की गाजर मोडल्यासारखी आडवी कटकन तुटते. आडवा, आखूड, स्वच्छ तुकडा पडला की आधी हाच संशय घ्यायचा. आठ ते दहा टक्के ओलावा बरा, पण मीटर नसला तरी अडत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पट्टी दर आठवड्याला मोजायची, वजन उतरायचं थांबलं की पट्टी आजूबाजूच्या हवेशी जुळली. लाकूड ताजं असेल तर टोकांना फेविकॉल नाहीतर रंग फासा, टोकं आधी वाळतात आणि तिथूनच भेगा आत शिरतात. आणि घाई म्हणून उन्हात ठेवू नका!

विस्तवावर शेकण्याबद्दल बरेच जण विचारतात. पोटाची बाजू निखाऱ्यांवर नीट शेकली की दाब जास्त सोसते, हे खरं आहे, बांबूत तर फरक लगेच कळतो कारण त्याची आतली बाजू मऊ असते. पण शेकल्यावर लगेच ओढून बघायचा मोह होतो आणि तिथे घात होतो, कारण त्यावेळी लाकडात ओलावा जवळपास उरलेलाच नसतो. चांगले काही दिवस सावलीत पडू द्या.

टिलरिंग, म्हणजे दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत पोटाकडून थोडं थोडं लाकूड काढणं. इथेच कामठा बनतो किंवा बिघडतो, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

पहिली गोष्ट, कडकपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. 10 मिलिमीटर जाडीचे 9 केले तर कडकपणा दहा टक्के नाही, तब्बल 27 टक्के उतरतो. एक मिलिमीटर! म्हणून शेवटच्या टप्प्यात रंधा, पटाशी बाजूला ठेवायची आणि काचेच्या तुकड्याने नाहीतर सुरीच्या पात्याने खरवडायचं. खरवडलं की लगेच निकाल दिसत नाही, दोरी अर्धवट वीस-तीस वेळा ओढा, मग बघा. लोक खरवडतात, बघतात, फरक नाही म्हणून परत खरवडतात आणि मग एकदम लक्षात येतं की कामठा हलका झालाय, म्हणजे ओढायला फारच कमी जोर लागतोय.

दुसरी, कामठ्याचं वजन म्हणजे तो पूर्ण ओढायला लागणारा जोर, आणि जेवढ्या वजनाचा कामठा हवा त्यापेक्षा जास्त जोर कधीच लावायचा नाही. तीस पौंडी, म्हणजे साधारण साडेतेरा किलोचा हवा असेल तर दोरीला बॅग मोजायचा हुकवाला काटा लावा, काटा तिथे पोचला की थांबा, दोरी चारच इंच आली असली तरी. आणि कुठे असमान वाकताना दिसलं की त्याच्या पुढे ओढायचंच नाही, आधी दुरुस्त करायचं. दोरी पुलीवरून घ्या आणि लांब उभं राहून ओढा, लांबून वळण चांगलं दिसतं आणि तुटला तर डोळा वाचतो.

तिसरी, बिजागरी. भुजेवर एक जागा पातळ झाली की सगळा वाक तिथेच येतो, बाकीची भुजा आरामात बसलेली असते. नवीन माणूस नेमकी तीच जागा अजून खरवडतो कारण त्याची नजर तिथेच जाते. त्या जागेवर पेन्सिलने फुली मारा आणि तिला हातही लावू नका, तिच्या दोन्ही बाजूंचं ताठ लाकूड कमी करा म्हणजे वाक पसरतो. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या, नखाला लागतील अशा, तर तिथलं लाकूड चिरडलंय, आता बाकीच्या भुजेकडून जास्त काम करून घ्यायचं आणि वजन उतरवायचं एवढंच हातात आहे.

लांबीत कंजूषी करू नका. ओढ म्हणजे दोरी मुठीपासून जितकी मागे येते ते अंतर. मुठीतही वाकणारा कामठा असेल तर ओढीच्या दुप्पट अधिक त्याच्या दहा टक्के ही कमीत कमी लांबी, 28 इंच ओढीला साधारण 62 इंच. पहिल्यांदा करताय तर 66 घ्या. मेरी रोझवरची बहुतेक धनुष्यं सहा फुटांच्या वर आहेत.

दोरी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टर धाग्याची बरी, ती थोडी ताणते आणि धक्का सोसते. भिल्लांच्या कामठ्याला तर पूर्वी दोरीसुद्धा बांबूच्या सालीची पट्टी असायची. बाण न लावता ओढून सोडायचं नाही, कुणालाही, गंमत म्हणूनही नाही, सगळी ताकद कामठ्यातच परत जाते. मारून झालं की दोरी उतरवा, आणि कोपऱ्यात उभा न ठेवता दोन खुंट्यांवर आडवा ठेवा.

पाठीवर कुसळ नुसतं उचललं असेल तर कामठा वाचू शकतो. पातळ सुपरग्लू आत जाऊ द्या, दाबून धरा, वाळल्यावर वरून सुती नाहीतर रेशमी दोरा घट्ट गुंडाळून त्यालाही गोंद द्या, आणि परत टिलरिंगच्या काठीवर (कामठा अडकवून ओढून बघायची खाचांची काठी) चढवून हळूहळू ओढून बघा. टोकाजवळ फुटला असेल तर दोन्ही टोकं सारखी कापा, नवीन खाचा पाडा. आखूड झाला की वजन वाढतं, त्यामुळे परत खरवडावं लागेल आणि ओढही कमी ठेवावी लागेल. मोठ्या माणसाला तो पुरणार नाही, पण आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हाताला बरोबर बसतो.