बटणाची पाठ दाखवा: मेळाव्यात जुनी बटणं कशी मांडावीत

नाणी-तिकिटांच्या मेळाव्यात बटणांचं टेबल लावलंत की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बाईंनू, ही बटनां विकूक ठेवलास काय?" आणि लगेच दुसरा, "एकूण किती आहेत?" दिवसभर याच दोन प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतील तर बटणं कमी न्या. मी वेंगुर्ल्यात मुलींना शिवण शिकवायचे, त्यामुळे घरात बटणांच्या बरण्या आहेत. पण टेबलावर साठाच्या वर जात नाही. बरणीभर बटणं बघून माणूस "अरे वा" म्हणतो आणि पुढे जातो.

अमेरिकेत नॅशनल बटन सोसायटी १९३८ पासून आहे. तिथल्या स्पर्धेत ९ बाय १२ इंचांच्या पुठ्ठ्यावर बटणं लावतात, मापांचे गट ठरलेले असतात आणि परीक्षक गुण देतात. आपल्याकडे परीक्षक नसतो. चौथीतला मुलगा आणि त्याचा हात धरून आलेली आजी, दोघांना एकदम कळेल असं मांडायचं असतं. म्हणून सगळ्या टेबलाला प्रश्न एकच ठेवा. माझा असतो, "हे कशाचं केलंय?" तुमचा "हे कुणाच्या अंगावर होतं?" असू शकेल. दोन्ही एकत्र करू नका, खिचडी होते.

सुरुवात बटण नसलेल्या कपड्याने करा. बाराबंदीचा एक तुकडा, नुसते बंद बांधलेले. आजी तिथेच थांबते आणि नातवाला सांगायला लागते, आपलं निम्मं काम होतं. त्यापुढे करवंटीचं, शिंपल्याचं, शिंगाचं, पितळेचं, काचेचं, मग कारखान्यातली: सेल्युलॉइड, केसीन, बेकेलाइट ही जुनी प्लॅस्टिकं आणि शेवटी आजच्या शर्टावरचं पॉलिस्टर. केसीनपाशी मुलं हटकून रेंगाळतात, कारण ते दुधातल्या प्रथिनापासून केलेलं असतं. १८९९ साली जर्मनीत त्याचं पेटंट घेतलं गेलं. बेकेलाइट बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये शोधलं. साल चिठ्ठीवर लिहा, तोंडाने दुधाचंच सांगा.

आता माझा हट्ट. प्रत्येक प्रकाराची दोन बटणं घ्या, एक सुलटं, एक उलटं. पुढून बटण नटलेलं असतं. खरं काय ते पाठीवर कळतं. शिंपल्याच्या बटणाला मागे कधी कधी शिंपल्याची मूळ करडी साल तशीच राहिलेली दिसते, प्लॅस्टिकच्या नकलेला ती नसते. साच्यातून काढलेल्या बटणाला कडेने जोडाची बारीक रेघ असते. पितळी बटणाच्या पाठीवर बनवणाऱ्याचं नाव गोल कोरलेलं सापडतं. पोलीस, पलटण, बोटीवरची नोकरी. कोकणात अशा गणवेशांची बटणं घरोघरी ट्रंकेत पडलेली आहेत. त्यातलं मुकुटाचं एक आणि अशोकस्तंभाच्या सिंहांचं एक शेजारी ठेवा. १९५० साली देश प्रजासत्ताक झाला, सैन्याच्या चिन्हांवरचा मुकुट गेला आणि सिंह आले. याला वेगळं व्याख्यान लागत नाही. पाठीसाठी छोटा आरसा खाली ठेवणारेही आहेत. मला ते आवडत नाही, सगळे स्वतःचं नाक बघतात.

बटणं डिंकाने किंवा फेविकॉलने चिकटवू नका. पुठ्ठ्याला दाभणाने भोक पाडा आणि भोकांचं बटण सुती दोऱ्याने शिवा. कडीचं बटण असेल तर कडी भोकातून मागे काढून तिच्यात माडाच्या हिराचा तुकडा सरकवा, घट्ट बसतं. हे दोन-तीन दिवसांच्या प्रदर्शनापुरतं. काचेच्या बटणाची कडी ओढाताणीत निघून येते, तिथे हीर नको, दोराच बरा.

आपल्या हवेचं मात्र वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यात पितळेवर हिरवं चढतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिंपल्यालाही रोग लागतो हे फारसं माहीत नसतं. लाकडी पेटी आणि साधा पुठ्ठा आम्लाची वाफ सोडतात, दमट हवेत ती शिंपल्याला खाते आणि वर पांढरी भुकटी येते. म्हणून आम्लमुक्त पुठ्ठा घ्या, थोडा महाग पडतो. लोकरीचं कापड खाली अंथरू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. सेल्युलॉइडचं बटण कायम वेगळ्या डबीत, हवा खेळती ठेवून. ते कुजायला लागलं की त्याच्या वाफेने शेजारचं पितळही गंजतं, आणि विस्तवाजवळ तर ते भडकतंच. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि कोकमाचं आगळ लावून पितळ लखलखीत करायची आपली सवय इथे आवरा. मुलामा दिलेलं बटण असेल तर वरचा सोन्याचा पातळ थर त्या घासण्यात जातो.

चिठ्ठी हस्ताक्षरात चालेल, पण हातभरावरून वाचता आली पाहिजे. तीन ओळी पुरेत: कशाचं, केव्हाचं, माप. माप लाईनमध्ये लिहा, शिंपीदादा खूश होतात. ४० लाईन म्हणजे एक इंच. शर्टाचं बटण साधारण १८ लाईन, कोटाचं ३२.

हात लावायला एक वेगळा ट्रे ठेवा, त्यात गेलं तरी चालेल असंच. शिंपला, काच, प्लॅस्टिक. गालाला लावायला सांगा: शिंपला आणि काच गार लागतात, प्लॅस्टिक नाही. दोरीला बांधलेलं लोहचुंबक द्या, पितळेचं वाटणारं बटण चिकटलं की आत लोखंड असल्याचं पोरं स्वतःच ओरडून सांगतात. या ट्रेतली बटणंही उचलता येईल अशा छोट्या फळीला शिवूनच ठेवा. लहान मूल तोंडात घालतं, आणि आईचं लक्ष शेजारच्या नाण्यांकडे असतं. बटण कशाचं ते ओळखायला सुई तापवून टोचायची परीक्षा कुणी सुचवेल, ती टेबलावर करू नका. सेल्युलॉइड निघालं तर पंचाईत.

"आमच्या तिसऱ्यांच्या शिंपांचं बटण होईल काय?" हेही विचारतातच. होत नाही. तिसऱ्या म्हणजे आपले खायचे शिंपले, त्यांची शिंप आतून मोत्यासारखी चकाकत नाही, आणि पातळ व वाकडी असते. जाड, सपाट, चकाकणारा शिंपला लागतो. अमेरिकेत मस्काटिन गावात १८९१ पासून नदीतल्या शिंपल्यांची बटणं कापत. गोल भोकं पडलेला असा शिंपला मिळाला तर आधी तोच मांडा, निम्मी चिठ्ठी लिहायची वाचते.

दुपारनंतर लोक घरची डबी घेऊन येतात. किंमत सांगायच्या फंदात पडू नका. वहीत लिहून घ्या: कोणत्या कपड्याचं, कुणाचं, कोणत्या गावचं. आणि कापडाचा तुकडा बटणासोबत असेल तर तो उसवू नका असं त्यांना बजावून सांगा.