वळीव आज येणार का? पुण्यात दुपारीच ओळखायचं असं

"आज चाळीस पार गेलं, म्हणजे संध्याकाळी पाऊस नक्की." एप्रिल-मेमध्ये हे वाक्य पुण्यात रोज कुणीतरी ठणकावून सांगतं आणि बहुतेक वेळा ते खोटं ठरतं. ऊन हवा वर ढकलतं, पण त्या हवेत बाष्पच नसेल तर वर जाऊन ढग कशाचा होणार? उन्हाळ्यात कित्येक दिवस आपल्याकडे वायव्येकडून कोरडं वारं येत असतं. पारा चढतो आणि आभाळ कोरंच राहतं. बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आत शिरलं, की मग वळवाची शक्यता. म्हणून शोध बाष्पाचा घ्यायचा.

पहिली पायरी सकाळची: हवामान खात्याचा पुणे जिल्ह्याचा अंदाज आणि इशाऱ्याचा रंग बघून घ्या.

दुसरी पायरी दुपारी दोनची, आणि खरी मेख इथेच आहे. लोक मोबाइलवर आर्द्रतेची टक्केवारी बघतात. कृपा करून ती बघू नका. मलाही ही टक्केवारी बरीच वर्षं चकवत होती, कारण ती फक्त बाष्प सांगत नाही, त्यात तापमानही मिसळलेलं असतं. सकाळी २४ अंशांना ५० टक्के आर्द्रता आहे आणि दुपारी ३८ अंशांना ३० टक्के. कुणीही म्हणेल, हवा कोरडी झाली. प्रत्यक्षात दुपारच्या हवेत बाष्प जास्त आहे! सकाळचा दवबिंदू साधारण १३ अंश होता, दुपारचा १७ च्या वर गेला.

दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानाला आणली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागेल, ते तापमान. आकडा जितका वर, तितकं बाष्प जास्त. ३८ अंशांच्या दोन दुपारी घ्या. एकीत आर्द्रता २० टक्के, दुसरीत ४०. पहिलीचा दवबिंदू ११ च्या आसपास, दुसरीचा २२. पहिल्या दिवशी वाळवणं खुशाल गच्चीवर राहू द्या. दुसऱ्या दिवशी कुरडया वेळेत खाली आणा.

हा आकडा कुठून घ्यायचा, यावरही माझं मत ठाम आहे. अ‍ॅपमधला ड्यू पॉइंट पुष्कळदा गणिती प्रारूपातून काढलेला असतो, मोजलेला नसतो. त्यापेक्षा लोहगाव विमानतळाचं निरीक्षण बघा. वैमानिकांसाठी निघणारा मेटार नावाचा हा अहवाल इंटरनेटवर कुणालाही दिसतो. पुण्याचा संकेत व्हीएपीओ. त्या ओळीत ३८/१९ असं काहीतरी दिसेल. डावीकडे तापमान, उजवीकडे दवबिंदू.

माझा अनुभवाचा ठोकताळा असा: दुपारी दोनला दवबिंदू १२ च्या खाली असेल तर विषय संपला. १३ ते १६ मध्ये ढग जमतात, धुळीचा लोट येतो, वारा सुटतो, पण खालच्या कोरड्या हवेत सरी वाटेतच विरतात. चार थेंब पडतात आणि झाडाच्या फांद्या मात्र मोडतात. १८ च्या वर असेल तर संध्याकाळची कामं आधी उरकून घ्या.

सकाळचा आकडा बघून निर्णय घेऊ नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. सकाळी नऊला १८ आणि दुपारी दोनला ९, असंही होतं. बाष्प जमिनीलगतच्या पातळ थरात असतं. ऊन तापलं की वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि आकडा कोसळतो. भर उन्हातही जो दवबिंदू टिकून राहतो, त्या दिवशी बाष्पाचा थर खोल आहे. संध्याकाळी घाट चढून पश्चिमेचा दमट वारा आला की आकडा झपकन वाढतो, त्यालाही भुलू नका. तो गारवा देतो. एवढ्यावर गडगडाटी ढग उभा राहत नाही.

तिसरी पायरी, आभाळ. तीनच्या सुमारास गच्चीवर जाऊन आग्नेयेला दिवेघाटाकडे आणि दक्षिणेला कात्रज-सिंहगडाकडे बघा. वळवाचे ढग अनेकदा याच बाजूंनी येतात. एक ढग निवडा आणि दहा मिनिटं त्याच्यावरच नजर ठेवा. तळ सपाट, डोकं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं, कडा रेखीव, आणि उंची वाढतेय? मग तो जोरात आहे. डोकं पसरट होऊन कडा विस्कटल्या, तर वर उबदार हवेचा थर आहे आणि ढग त्यापलीकडे जात नाहीये. भरपूर बाष्प असूनही पाऊस न येण्याचं हे नेहमीचं कारण.

ढग उभा राहिला की इन्सॅटची उपग्रहचित्रं क्रमाने बघून तो कुठे सरकतोय ते ताडा. पण हडपसरला कोसळतोय म्हणजे कोथरूडला येईलच, असं नाही. पाऊस पडताना ढगातून थंड हवा खाली आदळून चहूकडे पसरते, आणि तिच्या पुढच्या कडेवर नवा ढग उठतो. तो भलतीकडेही उठू शकतो.

अंगाला अचानक गार वारा लागला, धूळ उठली, की अंदाज बांधणं थांबवा आणि घरात या. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, त्याला तीनने भागा. तितके किलोमीटर अंतर. पण आवाज ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात, आकडा कितीही येवो. झाडाखाली थांबू नका, पत्र्याच्या शेडखाली दुचाकी लावून उभे राहू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप मोबाइलवर असू द्या. आसपास वीज पडत असेल तर ते सावध करतं.

मान्सून स्थिरावला की ही पद्धत बाजूला ठेवा. तेव्हा दवबिंदू रोजच वर असतो, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो आणि सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या शहरात भुरभुरतो. त्या दिवसांत नदीकाठी राहणाऱ्यांनी शहरातला पाऊस न बघता खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडलंय ते बघावं. परतीच्या पावसात, सप्टेंबरच्या अखेरीपासून, पुन्हा दुपारी दोनचा आकडा बघायला लागा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसं दगावली. तुम्ही ओढ्याकाठी राहत असाल, तर दवबिंदू वर आणि दक्षिणेला ढग उभा, अशा संध्याकाळी तळमजल्यावरची गाडी आधीच उंचावर नेऊन लावा.