केबल थ्रॉटलच्या फियाटला क्रूझ कंट्रोल

क्रूझ कंट्रोल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता ठरलेला वेग धरणारी यंत्रणा. पद्मिनीत जिप्सीचं एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनचं) इंजिन बसलंय आणि आरसीवर नोंदही झालीय, असं धरून चालू. या इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे हवा सोडणारी झडप, केबलने उघडणारा. त्यामुळे नुसत्या ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) वायरी जोडून भागत नाही, केबल ओढणारा वेगळा इलेक्ट्रिक सर्व्हो (मोटर) लागतो. व्हॅक्यूमवाला टाळा, चढावर थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम पडतो.

काम ब्रेकपासून सुरू करा. जुना ऑइल-प्रेशरचा ब्रेक स्विच दाब तयार झाल्यावरच चालतो, इथे तो उशीर परवडत नाही. पेडलपाशी दोन कॉन्टॅक्टचा प्लंजर स्विच बसवा: एक लाइटसाठी, दुसरा एरवी जोडलेला आणि पेडल ५-६ मिमी हलताच तुटणारा. हा दुसरा आणि क्लच पेडलचा तसाच स्विच सर्व्होच्या क्लच-कॉइलच्या (सर्व्होतली मोटर केबलला जोडणाऱ्या कॉइलच्या) वायरीत एकामागोमाग घाला. मॉड्यूल (क्रूझचा इलेक्ट्रॉनिक डबा) गडबडलं तरी वीजच तुटली पाहिजे. क्लचचा स्विच गाळलात तर क्लच दाबताच इंजिन किंचाळेल.

मॉड्यूलला वेग कळवणारा स्पीड सिग्नल ही खरी कटकट. जिप्सीची स्पीडोमीटर केबल ट्रान्सफर केसमधून निघते आणि तो भाग फियाटमध्ये येतच नाही. मग प्रोपेलर शाफ्टवर समोरासमोर दोन मॅग्नेट लावा, म्हणजे बॅलन्स बिघडत नाही. दोन्हींचा एकच पोल बाहेर हवा. मॅग्नेट समोरून गेला की पल्स देणारा हॉल सेन्सर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. तो गिअरबॉक्सच्या टोकाला लावा, कारण शाफ्टचं मागचं टोक अ‍ॅक्सलबरोबर वरखाली होतं. टायरवर खडूची खूण करून गाडी ढकला नि एका फेऱ्याचं अंतर मोजा. ते १.८ मीटर आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.३ असेल, तर किलोमीटरला साधारण ४,७८० पल्स. अमेरिकन क्रूझ किट पल्स मैलाला मोजतात, तिथे ७,६९० च्या आसपास. त्याच्या जवळचं ८,००० चं सेटिंग ठेवा.

सर्व्होची केबल एक्झॉस्टपासून लांब, तीव्र वळण न देता न्या. आयडलला २-३ मिमी ढील ठेवा. थ्रॉटलला दुसरी रिटर्न स्प्रिंग हवीच.

क्रूझ लागतच नाही? मागचे एलईडी बल्ब बघा. साध्या बल्बच्या फिलामेंटमधून मिळणारं अर्थिंग तुटलं की मॉड्यूलला ब्रेक दाबल्यासारखा वाटतो. एक साधा २१ वॉटचा बल्ब परत लावा. खड्ड्यात सुटतं? प्लंजर फार टोकावर अ‍ॅडजस्ट झालाय. वेग झुलतो? आधी केबलची ढील, मग सेन्सिटिव्हिटी कमी करा.

पहिली चाचणी एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात, कोरड्या रस्त्यावर. खंडाळ्याच्या उतारावर क्रूझ बंद: सर्व्हो थ्रॉटल सोडतो, ब्रेक लावत नाही.