विज्ञान-रात्रीचा अवकाशी खाऊ: आधी प्रश्न, मग पदार्थ

पहिल्यांदा विज्ञान-रात्र केली तेव्हा आम्ही फळांचे तुकडे काडीला टोचून रॉकेटं बनवली होती. दिसायला सुरेख झाली होती. मुलांनी ती पाच मिनिटांत संपवली आणि एकानेही एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हापासून मी एकच नियम पाळते: ज्या खाऊतून तोंडात टाकण्याआधी एखादा प्रश्न निघत नाही, तो कितीही गोड दिसला तरी यादीत घ्यायचा नाही.

तारीख आणि यादी

शक्य असेल तर अमावस्येनंतर सात-आठ दिवसांनी कार्यक्रम ठेवा. त्या दिवसांत अर्धा चंद्र संध्याकाळीच आकाशात असतो आणि लहान मुलांना जागवून ठेवावं लागत नाही. आठवडाभर आधी प्रत्येक घराला विचारून घ्या: शेंगदाणे, सुकामेवा, दूध, गहू यांतलं काय कोणाला चालत नाही? उत्तरं लिहून ठेवा आणि प्रत्येक ताटलीपुढे त्यात काय काय आहे याची चिठ्ठी लावा.

टेबलं तीन किंवा चारच मांडा. आठ-दहा मांडली की मुलं नुसती पळत सुटतात.

पहिलं टेबल: बिस्किटांवरचा चंद्र

मध्ये पांढरं क्रीम असलेली गडद बिस्किटं घ्या. प्रत्येक मुलाला आठ. दोन्ही हातांत धरून हलकेच उलटसुलट पिळलं की बहुतेक वेळा सगळं क्रीम एकाच चकतीवर राहतं. आता चमच्याची कड उभी धरून क्रीम खरवडायचं: पौर्णिमेसाठी काहीच नाही, अमावस्येसाठी सगळं, अष्टमीसाठी बरोबर अर्धं. कोर काढताना चमचा सरळ रेषेत ओढू नका, गोलाईत फिरवा. चंद्रावरची उजेड-अंधाराची सीमा वाकडी दिसते ती अशी.

आठही बिस्किटं गोलात मांडून झाली की विचारा, चंद्राची कला बदलते कशामुळे? पृथ्वीच्या सावलीमुळे, असं निम्मी मंडळी सांगतील, आणि त्यात मोठी माणसंही असतील. सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात. एरवी चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो. त्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, एवढंच साधारण साडेएकोणतीस दिवसांच्या फेऱ्यात बदलत जातं. खोली अंधारी करा, एक दिवा लावा आणि मुलाच्या हातात संत्रं देऊन त्याला स्वतःभोवती फिरायला सांगा: दिवा सूर्य, संत्रं चंद्र आणि मुलाचं डोकं पृथ्वी. संत्रं डोक्यापेक्षा थोडं वर धरायचं, नाहीतर डोक्याचीच सावली त्यावर पडते. पटतंच.

दुसरं टेबल: द्राक्षाएवढी पृथ्वी

माझं सगळ्यात आवडतं टेबल हेच. २ सेंटिमीटरचं द्राक्ष म्हणजे पृथ्वी. मग शुक्रही द्राक्षच, केसभर लहान. मंगळ वाटाण्याएवढा, बुध मक्याच्या कोरड्या दाण्याएवढा. युरेनस आणि नेपच्यूनसाठी जेमतेम ८ सेंटिमीटरची दोन सफरचंदं घ्या, शनीसाठी १८ सेंटिमीटरचं खरबूज आणि गुरूसाठी २२ सेंटिमीटरचं कलिंगड. पट्टी जवळ ठेवा आणि फळं मुलांनाच मोजून निवडू द्या. सूर्याएवढं फळ मिळणार नाही, म्हणून भिंतीवर किंवा जमिनीवर खडूने २ मीटर १८ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा.

आता एक मिरी उचला. हा चंद्र. द्राक्षापासून किती लांब ठेवायचा, ते प्रत्येकाला बोटाने दाखवायला सांगा. बहुतेक जण वीतभर अंतर दाखवतात. खरं उत्तर ६० सेंटिमीटर, म्हणजे मध्ये तीस पृथ्व्या मावतील इतकं. याच मापाने सूर्य सुमारे २३५ मीटरवर येतो. मैदान असेल तर तेवढं चालत जा. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचं खरं अंतर तोडायला प्रकाशाला सव्वाआठ मिनिटं लागतात हे चालता चालता सांगितलं की मुलांच्या लक्षात राहतं.

मग बादलीभर पाणी. द्राक्ष बुडतं, खरबूज तरंगतं. शनीची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी आहे, घन सेंटिमीटरला साधारण ०.७ ग्रॅम, म्हणून हा दाखला चपखल बसतो. कलिंगड मात्र पाण्यात सोडू नका. तेही तरंगेल, पण खरा गुरू पाण्यापेक्षा जड आहे आणि मुलं चुकीचं शिकून जातील.

शेवटी फळं कापून वाटायची. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं. उभे चार तुकडे करून द्या. याच कारणासाठी त्यांना पॉपकॉर्नही नको. वाटाणा, मक्याचा दाणा आणि मिरी यांच्यावरही नजर ठेवा.

तिसरं टेबल: विवरं

विवर म्हणजे अवकाशातला दगड आदळून पडलेला खड्डा. फिकट बिस्किटांचा चुरा पसरट ताटात तीन बोटं जाड पसरा आणि वरून चाळणीने कोकोचा पातळ थर द्या. कच्चं पीठ वापरू नका, ते खाण्यासारखं नसतं. चॉकलेटचा गोळा आधी वीतभर उंचीवरून सोडा, मग मीटरभर. खालचा फिकट चुरा उडून काळ्या थरावर किरणांसारखा पसरतो. चंद्रावरच्या टायको विवराभोवती असेच किरण आहेत आणि ते विवर सुमारे ८५ किलोमीटर रुंद आहे. फरक एकच: खऱ्या आघातात येऊन आदळणाऱ्या दगडाची बहुतेक वाफ होते किंवा तो वितळतो. आपलं चॉकलेट तळाशी सापडतं आणि तिथून ते थेट तोंडात जातं. चुराही वाट्यांमध्ये भरून वाटा.

शेवटी धूमकेतू

आइस्क्रीम आहे, म्हणून हे सगळ्यात शेवटी. १९५० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी धूमकेतूचं केंद्र म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा मिश्र गोळा असल्याचं मांडलं. तेव्हा व्हॅनिलाचा गोळा कोको आणि काळ्या बिस्किटांच्या चुऱ्यात घोळवा, अगदी पांढरं दिसेनासं होईपर्यंत. मुलं हटकून म्हणतात, धूमकेतू तर चमकतो, मग हा काळा का? कारण केंद्र खरंच कोळशासारखं काळं असतं. हॅलेच्या धूमकेतूचं केंद्र त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परत फेकतं. चमकतात ती सूर्याच्या उष्णतेने सुटणारी धूळ आणि वायू.

शेपटीसाठी वाटीला कागदी फिती चिकटवा आणि टेबलावरचा पंखा सूर्य माना. वाटी पंख्याकडे न्या, पंख्यापासून लांब न्या, फिती कायम पंख्याच्या उलट दिशेलाच उडतात. सूर्यापासून दूर जाणारा धूमकेतू आपली शेपटी पुढे घेऊन जातो, हे या फितींनी डोळ्यांसमोर दिसतं.

धूर दिसावा म्हणून कोरडा बर्फ (ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पेयात टाकण्याची फॅशन आहे. करू नका. तो उणे ७८ अंशांचा असतो, गिळला गेला तर आतून भाजतं आणि बंद डब्यात ठेवला तर डबा फुटतो.

आइस्क्रीम संपलं की राहिलेली चंद्राची बिस्किटं घेऊन सगळ्यांना बाहेर न्या. आकाशातल्या चंद्राशेजारी एकेक बिस्कीट धरून बघायला सांगा. जुळेल ते खायचं.