स्ट्रोकनंतर सांधा सुजला? या चुका टाळा

स्ट्रोकमधून सावरणाऱ्या रुग्णाला चार-पाच दिवसांनी बारीक ताप येतो. फिजिओथेरपीसाठी उभं करायला गेलं की तो पाय आखडून घेतो, चिडतो. ताप म्हणजे छातीत किंवा लघवीत संसर्ग आणि चिडचिड म्हणजे कंटाळा, असा अर्थ पटकन लावला जातो. सांध्याकडे कुणी बघतच नाही, आणि पहिली चूक इथेच होते. ज्याची वाचा गेली आहे तो कुठे दुखतंय हे सांगणार कसं? म्हणून मोजे काढा. दोन्ही पायांचे अंगठे, घोटे, गुडघे, मनगटं आणि कोपरं बघा, हाताची मागची बाजू लावून दोन्हीकडची ऊब ताडून पाहा. अंगठ्याच्या मुळाशी लाल, तुकतुकीत, गरम सूज असेल आणि चादर टेकली तरी चेहरा वाकडा होत असेल, तर गाऊटची, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या संधिवाताची, शंका घ्यायलाच हवी. लुळ्या बाजूची प्रत्येक सूज लकव्यामुळेच असते असं नाही.

या काळात गाऊट उसळायला कारणंही तशीच असतात. गिळता येत नसल्याने पाणी कमी जातं. लघवी वाढवणारी औषधं आणि कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिनसुद्धा युरिक अ‍ॅसिड शरीरात अडवून ठेवतात. त्यात भरती होताना घरची गोळ्यांची यादी नीट दिली नाही, तर आधीपासून सुरू असलेलं, युरिक अ‍ॅसिड कमी करणारं अ‍ॅलोप्युरिनॉल नकळत बंद पडतं. ते सुरू होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. गाऊट उसळला म्हणूनही ते आपल्या मनाने थांबवू नका. अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नाही, कारण दुसरा स्ट्रोक टाळण्यासाठी ती दिलेली असते.

रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ऐन दुखण्यात ते खाली आलेलं असू शकतं. सूज ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. खात्रीची तपासणी म्हणजे सांध्यातलं पाणी काढून त्यात सुईसारखे स्फटिक दिसतात का ते पाहणं. सांध्यात जंतुसंसर्ग आहे का, तेही त्यातच कळतं, आणि ते कळणं फार गरजेचं आहे. पोटरी सुजली असेल तर शिरेत गुठळी झाली आहे का, हे डॉपलर सोनोग्राफीने आधी बघायला हवं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घरातली दुखण्याची गोळी देणं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामातही आडवं येतं. अशा रुग्णाला डॉक्टर बहुधा कमी मात्रेत कोल्चिसिन (गाऊटची सूज उतरवणारं औषध), थोड्या दिवसांचं स्टेरॉइड किंवा सांध्यात इंजेक्शन देतात. स्टेरॉइडने साखर चढते, ती मोजत राहा. कोल्चिसिन सुरू असताना जुलाब लागले तर लगेच कळवा. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक अथवा डिल्टियाझेम, व्हेरापामिल ही रक्तदाब-हृदयाची औषधं चालू असतील, तर कोल्चिसिन अंगात साठून विषारी ठरू शकतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांसोबत कोल्चिसिन घेतल्यास क्वचित स्नायू दुबळे होतात, आणि तो अशक्तपणा स्ट्रोकच्याच खात्यावर जमा होतो. आधी हलणारे दोन्ही खांदे किंवा मांड्या नव्याने जड वाटू लागल्या, तर स्नायूंची रक्तचाचणी करायची का, ते विचारा. पण एकाच बाजूची शक्ती अचानक गेली, तर तो पुन्हा स्ट्रोक समजून तातडीने दवाखाना गाठा.

व्यायाम पूर्ण बंद करणंही चूकच. दुखरा सांधा एक-दोन दिवस विसावू द्या, बाकीच्या अंगाचं काम चालू ठेवा. सुजेवर मालीश नको, शेक नको. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. लुळ्या बाजूची संवेदना गेलेली असू शकते, मग तिथे रुग्णाला गारठा कळत नाही, म्हणून मध्येमध्ये कातडी बघा.

अ‍ॅलोप्युरिनॉल नव्याने द्यायचं ठरलं तर ते 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड 6 mg/dL च्या खाली आणायचं असतं. सुरुवातीच्या महिन्यांत गाऊट पुन्हा उसळला तरी औषध लागू पडत नाही असं समजून सोडू नका. अंगावर पुरळ आलं तर मात्र पुढची गोळी देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.